झाकण उघडायचं नाही

मामांनी माझ्या हातातली फुंकणी हिसकावून घेतली आणि घरामागच्या परड्याच्या कडेच्या उकिरड्यावर भिरकावून दिली.

"बास झालं," ते म्हणाले. "कोंबडी भाजाय लागलीस का भूत उतरवाय?"

मी गुडघ्यांवर बसले होते. डोळ्यांतून पाणी, नाकात राख, कपाळावर काजळी. समोर गोड्या तेलाचा रिकामा ड्रम उभा होता. त्याच्या बुडाशी कडेला तीन भोकं पाडून घेतली होती, आणि त्यातल्या एका भोकाला फुंकणी लावून मी दहा मिनिटं जीव तोडून फुंकत होते. आत दोन कोंबड्या टांगलेल्या. हा सलग तिसरा शनिवार होता. आधीच्या दोन शनिवारच्या चार कोंबड्या गल्लीतल्या कुत्र्यांना घातल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर शेवटची कुत्र्यांनीही अर्धी टाकली होती.

एरवी कुणी माझ्या हातातली वस्तू अशी फेकली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. पण त्या दिवशी मी नुसती बघतच राहिले, कारण मामा बाकड्यावरून उठले होते.

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव मिस्त्री. तीस वर्षं कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत लोखंड वितळवायची उभी भट्टी सांभाळलेला माणूस. भट्टीला वारा किती द्यायचा, कधी द्यायचा, हे तेच ठरवत. खंडेनवमीला फौंड्रीत हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा भट्टीला पहिलं हळदकुंकू मिस्त्रीनं लावायचं, अशी तिथली रीत. मग मालक नारळ हातात घेऊन विचारणार, "फोडू का, मिस्त्री?" आणि मामा "व्हय" म्हणाले की मगच फोडणार. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी ती पूजा पाहायला गेले होते. एवढा मोठा मालक आपल्या सासऱ्याची परवानगी मागतोय म्हटल्यावर माझी मान उगाचच ताठ झाली होती.

पुढं एके दिवशी त्या भट्टीत लोखंड गोठलं. तीन दिवस छिन्न्या मारून ते फोडून काढावं लागलं. मिस्त्रीला डुलकी लागली असं मालकानं सगळ्यांना सांगितलं आणि मामांना घरी पाठवलं. मामांनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपली भट्टी ढोसायची सहा फुटी सळई पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मागच्या सोप्यातल्या बाकड्यावर बसले, ते चार वर्षं बसूनच होते. जेवायला उठायचे, झोपायला उठायचे. आमच्या घरची खंडेनवमीही तेव्हापासून बंद पडली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असत्या तर त्यांनी बोलतं केलं असतं. पण त्या आधीच गेल्या होत्या.

असा माणूस उठला होता, आणि चक्क चिडला होता. मला तर बरंच वाटलं.

आता मी हा कोंबडीचा उद्योग का मांडला होता ते सांगते. मी कारखान्यांतल्या कामगारांना डबे पोचवायची. मग तिथं कॅन्टीन सुरू झाली आणि तीस डब्यांचे सात झाले. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. त्यांना पुण्यातल्या एका गोदामात कायमची नोकरी मिळत होती, दसऱ्यापर्यंत कळवायचं होतं. मामांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमी जावा. मी हे घर सोडून येनार न्हाई." हे म्हणाले, "वैजयंता, तुझं इथं काही जमलं तर राहू. नाहीतर काय करणार?" म्हणजे बाकड्यावरच्या त्या माणसाला एकट्याला टाकून जायचं की नाही, हे माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

त्याच सुमाराला पन्हाळ्याच्या रस्त्यावर हॉटेल असलेले शिंत्रेसाहेब भेटले. कुठंतरी परदेशात त्यांनी धुरावर मंद शिजवलेली कोंबडी खाल्ली होती आणि तिनं त्यांना वेड लावलं होतं. "तशी कुणी करून देत असेल तर दर शनिवार-रविवारी वीस कोंबड्या घेतो," म्हणाले. मी न विचारता "मी देते" म्हणून बसले. त्यांनीच मोबाईलवर ड्रमचं चित्र दाखवलं. मी वेल्डरकडून तसा ड्रम करून घेतला: बुडाला भोकं आणि त्यांना सरकती झाकणं, आत कोळशाला जाळीची टोपली, वर कोंबड्या टांगायला आडव्या सळ्या, झाकणाला एक भोक. भंगार बाजारातून उष्णतेचा काट्याचा मीटरही आणून बसवला. सगळं होतं, फक्त अक्कल नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी तीन वाजता, शिंत्रेसाहेब पुण्याचे दोन पाहुणे घेऊन चव बघायला येणार होते.

"वरचं भोक कुनी बुजवलं?" मामांनी विचारलं.

"मीच. धूर आत राहावा म्हणून."

"तुला खोलीत कोंडून वर नाक दाबलं तर काय हुईल?"

मी भोकात कोंबलेल्या चिंधीकडं बघितलं.

"धूर साठवायचा नसतो. धूर जाऊ द्यायचा. जाता जाता त्यो कोंबडीला शिवून जातो, तेवढं पुरतंय." त्यांनी काठीनं झाकणावरची चिंधी उडवली. भोकातून पिवळट-पांढरा लोट बाहेर पडला आणि आम्ही दोघंही खोकत सुटलो. "हे बग. हे औषध घातलंस तू कोंबडीत."

कोंबड्या बाहेर काढल्या. वरून डांबर, त्यावर राखेचा थर, आत हाडाजवळ गुलाबी कच्च्या. मी राखेचं कारण विचारलं तर मामा माझ्याकडं असे बघायला लागले की विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"चुलीची सवय," ते म्हणाले. "जाळ खाली बसला की बाई फुंकणी उचलती. अगं, फुकून जाळ मिळतो, धग मिळत न्हाई. तुझ्या फुंकीनं राख उडाली, कोळसा भडाभडा जळून गेला, आनि आता बुडात काय उरलंय? काय न्हाई. जा, देव्हाऱ्यातली उदबत्ती आन."

मला वाटलं, म्हातारा आता ड्रमची पूजा करतोय की काय. मी उदबत्ती पेटवून आणली. मामांनी ती खालच्या भोकासमोर धरली. तिचा वर जाणारा धूर एकदम आडवा झाला आणि सरळ भोकातून आत ओढला गेला.

"दिसलं?"

"दिसलं."

"भट्टी सोताच वारा वढती. फुकाय लागत न्हाई. वरनं जेवढं जाईल तेवढं खालनं येतंय. म्हनून वरचं भोक कायम उघडं. आपलं काम खालच्या भोकापाशी." त्यांनी एक झाकण अर्धं सरकवलं. उदबत्तीचा धूर जरा मंदावला. आणखी सरकवलं, तसा तो नुसता भोकाकडं झुकून राहिला. "हां. एवढाच. उपाशी न्हाई आनि पोटभर न्हाई."

त्या दुपारी मी जेवढं शिकले तेवढं शाळेच्या दहा वर्षांत शिकले नव्हते. सगळा कोळसा एकदम पेटवायचा नाही. टोपलीत थंड कोळसा भरून वर मूठभर निखारे ठेवायचे, म्हणजे आग हळूहळू खाली उतरत जाते. पेरूच्या लाकडाचे दोनच तुकडे. दाट पांढरा धूर येतोय तोवर कोंबडी आत घालायची नाही. तो निळसर, असून नसल्यासारखा झाला की मग. काटा शंभरला आला की भोकं मिटायला लागायचं.

"पण पाहिजे तर एकशेवीस," मी म्हटलं.

"एकशेवीसला मिटलंस तर एकशेसाठला जाऊन थांबंल. चढत्या भट्टीला आधीच आवरायची. चढलेली उतरवाय लई वेळ जातो." आणि मग, ड्रमच्या झाकणावर बोटानं टकटक करत, "आनि हे. हे उघडायचं न्हाई."

"मधून बघायला तर लागेल?"

"का? तू बघितल्यानं शिजनार हाय? झाकण उघडलं की वरची धग गेली आनि खालनं वारा घुसला. मास थंड पडलं, कोळसा भडकला. अर्धा तास मागं. दर दहा मिंटाला उघडून बघत हुतीस तू. सोप्यातनं मोजत हुतो मी."

म्हणजे तीन शनिवार हा माणूस बाकड्यावर बसून माझ्या चुका मोजत होता! मला रडू आलं की हसू, ते आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं इचारलंस?" ते म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

रविवारी सकाळी शेजारच्या अक्काताई कुंपणावरून डोकावल्या. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला होता, पितृपंधरवडा चालू होता. "वैजयंता, पितरांच्या दिवसांत नवं काम धरू नये गं," म्हणाल्या. माझ्या आधी मामाच बोलले, "आमचं पितर भट्टीवालंच हुतं. त्यास्नी चालतंय." अक्काताई आत गेल्या. चार वर्षांत मामा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले असावेत.

मला मात्र त्यांनी बजावलं, "मी हात लावनार न्हाई. बसून बघनार." बाकडं त्यांनी परड्यात आणवून घेतलं होतं.

अकराला निखारे ठेवले. धूर निळसर व्हायला पाऊण तास लागला. पावणेबाराला मीठ, लिंबू, आलं-लसूण आणि घरचं तिखट चोळलेल्या चार कोंबड्या टांगल्या आणि झाकण लावलं. काटा शंभरवर आला तशी दोन भोकं मिटली, तिसरं बोटभर उघडं ठेवलं. काटा एकशेअठराला येऊन थांबला. त्याला मिठी मारावीशी वाटली.

एक वाजता वारं फिरलं. परड्याच्या पश्चिमेकडून झोत आला आणि नेमका उघड्या भोकात शिरला. काटा एकशेतीस. एकशेचाळीस. मी वरचं भोक दाबायला हात उचलला.

मामा खाकरले.

मी हात खाली घेतला. खालचं उघडं भोक पार मिटलं, मागच्या बाजूचं किलकिलं केलं आणि वाऱ्याच्या बाजूला जुना पत्रा आडवा लावला. मामांकडं बघितलं. ते आभाळाकडं बघत होते, जणू परड्यात ड्रम नाहीच. काटा उतरायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी जोतिबाला काय काय कबूल केलं ते फेडायला मला पुढं दोन वर्षं लागली.

अडीच वाजता दारात गाडी थांबली. तीनला येणारे शिंत्रेसाहेब अर्धा तास आधीच पाहुण्यांसकट परड्यात हजर. पांढरे स्वच्छ कपडे, हातात गाडीची किल्ली.

"वा, वास तर झकास सुटलाय," ते म्हणाले. "उघडा बघू ताई. पाहुण्यांना आतलं दाखवू. फोटो काढायचेत."

"साहेब, अजून जरा..."

"अहो, शिजेल ती नंतर. पाहुण्यांना परत पुणं गाठायचंय. नुसतं उघडून दाखवा, दोन मिनिटांचं काम."

वीस कोंबड्या. दसरा. पुणं. बाकड्यावर एकटे मामा. हे सगळं माझ्या डोक्यातून एकदम गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो साहेब." फडकं घेऊन मी झाकणाची कडी धरलीसुद्धा.

माझ्या हातावर मामांचा हात पडला. ते कधी उठले, कधी आले, मला कळलंच नाही. पकड भट्टीवाल्याची होती.

शिंत्रेसाहेब हसले. "काय म्हातारबा, माल मी घेणार. बघायला नको?"

मामा त्यांच्याकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. एखादा माणूस काकुळतीला येतो तसे ते बघत होते.

"भट्टी तुजी हाय," ते हळूच म्हणाले. "तू सांग त्यास्नी." आणि त्यांनी हात काढून घेतला.

मी कडी सोडली.

"झाकण उघडायचं नाही, साहेब," मी म्हटलं. "अजून अर्धा तास."

"ताई, मी अर्धा तास थांबेन असं वाटतं तुम्हाला?"

"तीन वाजता म्हणाला होता तुम्ही. तीनला मी स्वतः उघडीन. आत्ता उघडली तर फोटो चांगला येईल, पण कोंबडी बिघडेल. मग तुम्ही परत येणार नाही."

शिंत्रेसाहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं. त्यातले एक, जाड भिंगाचा चष्मा लावलेले, म्हणाले, "थांबू या की. बाई तिच्या कामात पक्की दिसतेय." मी पक्की! दोन मिनिटांपूर्वी झाकणाची कडी धरली होती ती मीच. मी त्यांना आंब्याखाली खुर्च्या टाकून दिल्या आणि ताक दिलं. साहेब ताक न पिता दहा मिनिटं फोनवर बोलत फेऱ्या मारत होते. तो अर्धा तास संपता संपत नव्हता.

तीनच्या ठोक्याला मी झाकण उचललं.

तसा रंग मी आजवर दुसऱ्या कशाला पाहिलेला नाही. गुळाची ढेप नुकती फोडावी तसा. राखेचा कण नाही. मांडीला नुसता चिमटा लावला तर हाड सुटून हातात आलं आणि पातेल्यात रस ठिबकला. चष्मेवाल्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. शिंत्रेसाहेबांनी पहिला घास घेतला आणि दुसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी म्हणाले, "पुढच्या शनिवारपासून वीस. आणि ताई, पुन्हा मी लवकर आलो तर असंच बसवून ठेवा मला."

गाडी गेल्यावर मी मामांना ताट वाढून दिलं. त्यांनी एक तुकडा मोडला, सावकाश खाल्ला. मग ड्रमकडं बघत बोलायला लागले.

"त्या दिशी बी असंच पाव्हनं आल्तं. मालक म्हनला, मिस्त्री, वाऱ्याचं मशिन बंद कर, आवाजानं बोलाय येत न्हाई. मला ठावं हुतं, वारा तोडला की लोखंड गोठनार. एकदा म्हटलो, मालक, आत्ता नगं. त्यो म्हनला, दोन मिंटं. ती दोन मिंटं अर्धा तास चालली."

"म्हणजे तुम्हाला डुलकी लागलीच नव्हती! मग बोलला का नाहीत मामा? चार वर्षं लोक काय काय म्हणाले..."

"काय बोलायचं? मालक त्यो हुता, पन भट्टी माझी हुती. त्यानं सांगितलं म्हनून काय झालं. मी व्हय म्हटलोच की." त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "तू न्हाई म्हटलीस."

आणि ते जेवायला लागले. मी आत जाऊन पदरात तोंड घालून पोटभर रडले. आमचे हे रात्री गाडीवरून आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं, की पुण्याला आपण येत नाही असं कळवून टाका.

आज माझ्या परड्यात पाच ड्रम आहेत आणि चार बायका हाताखाली. मामांना जाऊन सहा वर्षं झाली. नवीन बाई आली की मी तिला आधी उदबत्ती दाखवते, कोळसा नंतर. माझं म्हणून जे काही आहे, घर, कामधंदा, नाही म्हणायची हिंमत, ते सगळं मला त्या बाकड्यावरच्या माणसानं दिलं. जिवंतपणी मी त्यांना हे कधी धड बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण त्या वर्षीची खंडेनवमी झाली तेव्हा त्यांना ते कळलं असावं.

नवरात्रात हॉटेलातही कोंबडी खपत नव्हती. ड्रम घासूनपुसून सोप्यात आणून ठेवला होता. नवमीच्या सकाळी बघते तर मामा शिडी लावून माळ्यावर. पोतं खाली काढलं, सळई राखेनं लख्ख केली आणि ड्रमला टेकवून उभी केली. मी ताट घेऊन आले: हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. ताट त्यांच्यापुढं केलं.

"लावा मामा. पहिलं कुंकू मिस्त्रीचं."

त्यांनी ताटातला नारळ तेवढा उचलला आणि ताट माझ्याकडंच ढकललं.

"व्हय की. मिस्त्रीचंच," ते म्हणाले. "लाव."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी आधी सळईला हळदकुंकू लावलं आणि नंतर ड्रमला, झाकणाच्या कडीपाशी. फुलं वाहिली. वळून बघितलं तर मामा नारळ दोन्ही हातांत धरून, टोपी सरळ करून, माझ्यासमोर उभे होते.

"फोडू का, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.